एक दात चुकलेले अप्पा

मन्मथअप्पांच्या दुकानातून खिळे विकत घेणं हे गेवराईत सोपं काम नव्हतं. गिऱ्हाईक पायरी चढून आलं, "अप्पा, दोन इंची खिळे द्या," म्हणालं, की अप्पा चष्म्यावरून त्याच्याकडे बघायचे आणि विचारायचे, "कावून?"

माणूस गोंधळायचा. खिळे कशाला लागतात हे कुणी विचारेल अशी तयारी करून कोण घरातून निघतं? पण अप्पांना कारण कळल्याशिवाय माल हलत नसे. पत्र्यासाठी हवेत म्हटलं तर "पत्र्याला हे खिळे? आडाणी हायस का?" आणि फोटो टांगायला हवेत म्हटलं तर कुणाचा फोटो, तो माणूस कसा होता, आणि त्याला टांगायचं कारण काय, इथपर्यंत चौकशी. एकदा एक जण कडीकोयंडा घ्यायला आला होता. खोदून खोदून विचारल्यावर कळलं की भावाभावांचं बिनसलंय आणि घराच्या मधल्या दाराला कडी लावायची आहे. अप्पांनी हातातला कोयंडा परत खोक्यात टाकला. "मधल्या दाराला मी कडी देत न्हाई. भायेरच्या दाराला पायजे असंल तर ये." तो शेजारच्या दुकानात गेला आणि कडी घेऊन घरी गेला. शेजारच्या दुकानदारानं पुढं वर माडी चढवली, त्यात अप्पांच्या 'कावून'चा वाटा मोठा होता.

मी तेव्हा तलवाड्याच्या शाळेवर होते आणि अप्पांच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते. खाली पुढं दुकान, मागं घर, बाजूला फाटक असलेलं फरशीचं अंगण. माझी गॅलरी नेमकी अंगणावर. त्यामुळे अप्पांचं आयुष्य मला वरून दिसायचं आणि त्यांचा आवाज तर खालच्या वेशीपर्यंत जायचा. सकाळी आंघोळ करून, कपाळभर विभूती फासून ते पूजेला बसत. डाव्या तळहातावर इष्टलिंग, उजव्या हातात बेल, ओठांवर मंत्र, आणि मंत्राच्या मधेच, "महानंदा, चहा उतू चाललाय! नाक हाय का न्हाई?" महानंदाकाकूही स्वयंपाकघरातून तितक्याच मोठ्यानं, "आधी देवाकडं बघा. त्याला तरी वाटू द्या कुणी पूजा करतंय." देवाला या घराची सवय झाली असावी.

अंगणात अप्पांची अँबेसडर उभी असायची. पांढरी. कुठल्यातरी सरकारी साहेबाची गाडी लिलावात निघाली होती, ती अप्पांनी उचलली होती. टपावर लाल दिवा होता तिथं भोक राहिलं होतं. पावसाचं पाणी थेट ड्रायव्हरच्या डोक्यावर पडे, म्हणून अप्पांनी त्यावर स्टीलची वाटी उपडी घालून काचांना लावतात त्या लांबीनं चिकटवून टाकली. लांबून ती वाटी दिव्यासारखीच चमकायची. एका नव्या पोलीस शिपायानं तिला कडक सलाम ठोकला होता, आणि अप्पांनी काच खाली करून अत्यंत गंभीरपणे मान हलवली होती. हा प्रसंग त्यांनी मला इतक्या वेळा सांगितला की शेवटी शेवटी शिपायाचा फौजदार झाला होता.

गाडी चालत होती तोवर सगळं ठीक होतं. मग तिच्या पोटातून खडखड यायला लागली, आणि एके दिवशी ती अंगणातच बसली ती उठलीच नाही.

अप्पांचा मुलगा विजय पुण्याला नोकरीला. भला मुलगा, फक्त त्याला सगळं नीट लावायची हौस होती. त्यानं व्हिडिओ कॉलवर सांगितलं, "अप्पा, हायवेवर दिगंबरनानांचं हॉटेल झालंय ना, त्यांना दारात ठेवायला जुनी गाडी पाहिजे. देऊन टाका. लोक फोटो काढतील."

दिगंबरनाना म्हणजे मोठे जमीनदार, चार गावांत वजन असलेले, आणि आता हॉटेलवाले. ते स्वतः गाडी बघायला आले. टपावरून हात फिरवला, वाटीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "इंजिन काढून ठेवा अप्पा. आमाला त्याचं काय काम न्हाई. बोनेट कापून त्यात उसाच्या रसाचं काउंटर बसवायचं हाय."

अप्पांनी वाटीवरचा नानांच्या बोटाचा डाग धोतरानं पुसला.  मग म्हणाले, "नाना, तुमी गाडी घ्यायला आलाव का मढं उचलायला?"

पण नाना गेल्यावर मला काकूंनी खरी गोष्ट सांगितली. मी खाली ताक न्यायला गेले होते. काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, "बाई, गाडी गेली की दुकान जातंय. दुकान गेलं की घर. विज्यानं सगळं ठरवलंय, दिवाळीला येऊन बोलणार हाय. मंग आमी दोघं पुण्याला, नवव्या मजल्यावर. ह्यांचं डोकं इंजिनात हाय तवर बरं हाय. तिथं इंजिन न्हाई, दुकान न्हाई. दिवसभर हे माझ्या सैपाकघरात उभे ऱ्हातील. प्रत्येक फोडणीला इचारतील, कावून?"

त्या हसल्या, पण भाकरी तव्यावर टाकायला विसरल्या.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी इंजिन खोललं. दिवाळीच्या आत गाडी चालवून दाखवायची, म्हणजे विजयचं तोंड बंद, असा साधा हिशोब होता. अप्पा मेकॅनिक नव्हते. हत्यारं विकण्यात आयुष्य गेल्यामुळे ती वापरताही येतात अशी त्यांची समजूत होती, एवढंच. पिस्टन काकूंच्या दुधाच्या पातेल्यात गेले. नटबोल्ट लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत. काकूंवर एकदा तूप म्हणून भाकरीला ग्रीस लावायची वेळ आली होती. ते थोडक्यात टळलं. तरी मान्य करायला हवं, बरंचसं काम त्यांनी नीट केलं. धुतलं, घासलं, रिंगा बदलल्या, वॉल्व बसवले. इष्टलिंगाचा दोरा पाठीवर टाकून ते तासन्‌तास त्या लोखंडात वाकलेले असत.

घोडं अडलं कॅमशाफ्टच्या टायमिंगपाशी.

हे टायमिंग काय असतं ते मला त्यांनी पायरीवर बसून समजावलं होतं. "बाई, पिस्टनच्या खोलीला दोन दारं अस्त्यात. एक पेट्रोल आत यायचं, एक धूर भायेर जायचं. ही दारं कवा उघडायची, कवा लावायची, ते कॅम ठरवतो. खालचा क्रँक दोन चकरा मारतो तवा हा एक मारतो. हापिसासारखं. राबणारा दोनदा फिरतो, सही करणारा एकदा. पण दोघांचं जमलं पायजे. न्हाई जमलं तर पावना दारात आन दार बंद."

क्रँक आणि कॅम, दोघांच्या तोंडावर एकेक दातेरी चाक असतं आणि त्यांवरून चेन फिरते. चाकांवर खूण असते. दोन खुणा समोरासमोर आणून चेन चढवायची, की झालं. पण अप्पांनी जी नवीन चाकं मागवली होती, त्यातल्या वरच्या चाकावर एकाऐवजी दोन खुणा निघाल्या. शेजारी शेजारी, एका दाताच्या अंतरावर.

"आता कुठली खरी?" मी विचारलं.

"ही," अप्पा तत्काळ म्हणाले.

"कावून?" काकूंनी दारातून विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा तो प्रश्न त्यांच्यावर उलटला होता. त्यांनी काकूंकडे बघितलंसुद्धा नाही. चेन चढवून मोकळे झाले.

पहिल्या दिवशी चावी फिरवली तेव्हा कार्बोरेटरमधून फाड्‌कन बार निघाला आणि अप्पांची डावी मिशी गेली. दुसऱ्या दिवशी, उजवीही बरोबरीला आणल्यानंतर, त्यांनी परत प्रयत्न केला आणि गाडी चक्क सुरू झाली. थरथरत, खोकत, पण सुरू. अप्पांना इतका आनंद झाला की त्यांनी मला शाळेत सोडायचं ठरवलं. मी नको म्हणत होते. त्यांनी ऐकलं नाही. वाटी फडक्यानं पुसली आणि आम्ही निघालो.

सपाटीवर गाडी चालली. एक सायकलवाला आमच्या पुढं गेला, पण चालली. तलवाड्याच्या रस्त्यावरच्या चढाला मात्र तिनं मोठा उसासा टाकला आणि थांबली. अप्पांनी ब्रेक दाबून धरला, मी खाली उतरून चाकाला दगड लावला. मागं वाहनं तुंबली. आणि त्यांतल्या एका पांढऱ्या, ट्रकएवढ्या गाडीतून दिगंबरनाना उतरले.

"काय झालं अप्पा?"

"काय न्हाई. थंड करायलोय."

नाना गाडीभोवती एक फेरी मारून आले. "मी म्हणलंच व्हतं, इंजिन काढून टाका. त्याचंच वजन लई हाय."

मागचे लोक हसले. नानांनी दोर बांधला आणि अँबेसडर ओढत गावातून, भर बाजारातून, दुकानासमोर आणून सोडली. बोलणं चालूच होतं त्यांचं. दिवाळीनंतर माणसं पाठवतो, काळजी करू नका. अप्पा स्टिअरिंग धरून ताठ बसले होते. मिशी नसल्यामुळे त्यांचे ओठ किती पातळ आहेत ते मला त्या दिवशी दिसलं.

दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, "अप्पा, तार द्या." अप्पांनी तार दिली. काहीही विचारलं नाही. काकू आतून धावत आल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. अप्पा म्हणाले, "पुण्याला हवा बरी असती म्हणत्यात."

ते वाक्य मी वरून ऐकलं. मला ते शिव्यांपेक्षा फार वाईट वाटलं.

दुकानासमोर रस्त्यापलीकडे सलीमभाईंचं गॅरेज होतं. एके काळी या गाडीचं सगळं काम तेच करत. मग बोलणं बंद झालं, त्याचं कारण गावात सगळ्यांना पाठ होतं. सलीमभाई एकदा हातोडा घ्यायला दुकानात आले, अप्पांनी सवयीनं "कावून?" विचारलं, आणि त्या दिवशी उन्हानं तापलेले सलीमभाई भर गिऱ्हाइकांत म्हणाले, "तुमच्या टकुऱ्यात घालायला." तेव्हापासून दोघं समोरासमोर बसून रस्त्याकडे बघत, एकमेकांकडे नाही. त्यामुळे गाडी दोरावर ओढत आली ते सलीमभाईंनी पाहिलं नव्हतं, असं मानायचं होतं.

काकूंनी डोक्यावर पदर घेतला आणि रस्ता ओलांडला. मला म्हणाल्या, "बाई, चला संगट."

सलीमभाई एका मोटारसायकलची चेन घालत होते. काकूंना बघून उठले. "आओ भाबी. पण पैलेच बोल्तो, मैं उधर नै आनेवाला. सब के सामने मेरेकू कावून पूछे..."

"तुमी या म्हून मी कुठं म्हणले?" काकू स्टुलावर बसल्या. "मी निसतं इचारायला आले. अप्पा म्हणत्यात, ह्या गेवराईत ह्या इंजिनाचं टायमिंग कुणाच्याच बापाला जमत न्हाई. पुण्याहून माणूस आणावा लागंल म्हणत्यात. खरं हाय का?"

सलीमभाईंच्या हातातून चेन पडली. "ऐसा बोले?"

"आता मी काय खोटं सांगते व्हय?"

काकू धडधडीत खोटं सांगत होत्या. मी गॅरेजच्या पत्र्याकडे बघत राहिले.

सलीमभाई आले ते थेट गाडीपाशी. अप्पा पायरीवर उठून उभे राहिले. दोघांमध्ये हातभर अंतर, आणि मध्ये मी. सलीमभाई मला म्हणाले, "बाई, त्यांना बोला, रेडिएटर उतरवा."

मी म्हटलं, "अप्पा, रेडिएटर..."

"ऐकू आलं. त्यांना म्हणावं, पाना तिकडंच हाय, हात धुतले असतील तर घ्या."

असं ते काम सुरू झालं. मी पदवीपर्यंत शिकले, अध्यापनाचा अभ्यासक्रम केला, पण इतकं जोखमीचं काम त्याआधी केलं नव्हतं. अप्पा म्हणत, "बाई, त्यांना सांगा, खूण ही धरली व्हती." सलीमभाई म्हणत, "बाई, बोला त्यांना, दोनों खुणा कचऱ्यात टाका, पिस्टन बघून लावायचं." पुढचं झाकण निघालं, चेन उतरली. सलीमभाईंनी पहिल्या प्लगच्या भोकात सायकलची तार सोडली आणि तिचं वरचं टोक माझ्या चिमटीत दिलं. पिस्टन वर येईल तशी तार वर येणार, थांबली की मी सांगायचं. पुढच्या नटाला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवायचं काम काकूंचं. त्यांनी पदर खोचला आणि जात्याला बसावं तशा बसल्या. कॅमचं चाक हातानं फिरवायचं काम सलीमभाईंनी स्वतःकडं ठेवलं, आणि अप्पा वरून दोन वॉल्ववर डोळा ठेवून.

"थांबली," मी म्हणाले.

"आता बघा," सलीमभाई कुणाकडेही न बघता म्हणाले. "एक दार मिटता मिटता, दुसरं उघडता उघडता. दोनों सारखे किलकिले पायजेत. कमी नै, जास्त नै."

अप्पा वाकले. त्यांचं नाक जवळजवळ लोखंडाला लागलं होतं. सलीमभाईंनी चाक केसभर पुढं नेलं, मग मागं.  काकू पाना घट्ट धरून होत्या. "बाई," अप्पा अगदी हळू म्हणाले, "त्यांना सांगा... जमलं."

चेन चढली. जुन्या जागेपासून बरोबर एक दात सरकून. अप्पांच्या सगळ्या अपमानाचं मूळ तो एक दात होता. सलीमभाईंनी तो दात अंगठ्यानं दाखवला आणि मला म्हणाले, "बाई, त्यांना काहीच बोलू नका."

सगळं परत जोडलं, कुठल्या पिस्टनला ठिणगी कधी द्यायची ते ठरवणारं डिस्ट्रिब्युटरचं झाकण अप्पांनी बसवलं, आणि चावी फिरवली. सायलेन्सरमधून तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. शेजारची शेळी दाव्यासकट पळाली. रस्त्यावर कुणीतरी टायर फुटला म्हणून खाली वाकून बघू लागलं. धूर निवळला तेव्हा दोघे म्हातारे काळेठिक्कर तोंडं करून एकमेकांकडे बघत होते. थेट.

"ठिणगी उलटी लावली बे तू!" अप्पा ओरडले.

"मैंने? वो झाकण कोण बसवला? तुमी बसवला!"

"तू सांगितलं तसं बसवलं!"

"मैं बाई को सांगितलं, तुमको कुठं सांगितलं?"

"आंधळा हायस का? समोर हुबा ऱ्हाऊन बघायलास नव्हं!"

"आन तुमी? जिंदगीभर लोगों को इचारता, कावून कावून, आज एक बार पूछे नै?"

मी हळूच बाजूला झाले. दुभाष्याची गरज संपली होती. पुढचा बराच वेळ ते दोघं एकमेकांच्या सात पिढ्यांच्या अकलेबद्दल बोलत होते आणि बोलता बोलता ठिणगीच्या वायरींची तोंडं अर्धी चक्कर उलटी फिरवून बसवत होते. काकूंनी चहा ठेवला. या वेळी चावी फिरली तेव्हा फक्त एक घरघर आली, सलग, जाड, पोटात असल्यासारखी. अप्पांनी बोनेटवर हात ठेवला. सलीमभाईंनीही ठेवला. शिव्या थांबल्या.

"एवढं शांत कावून हाय?" अप्पांनी विचारलं.

"चालू हाय म्हून," सलीमभाई म्हणाले.

दिवाळीला विजय आला तो कागदपत्रांविषयी बोलायच्या तयारीनं. अप्पांनी त्याला चहासुद्धा न घेऊ देता गाडीचं दार उघडलं. "बस." पुढं अप्पा आणि विजय, मागं काकू, सलीमभाई आणि मी. चढ आला तेव्हा काकूंनी माझा हात धरला. गाडी चढली. कसलाही आव न आणता, वेग न सोडता चढली, आणि वर गेल्यावर अप्पांनी मुद्दाम थांबवून, मागं घेऊन, पुन्हा चढवून दाखवली. तिसऱ्यांदा चढवणार होते, पण सलीमभाई म्हणाले, "बस करा, तिला लाज वाटंल."

विजयनं हात लांबवून स्टिअरिंगवर ठेवला. मग म्हणाला, "अप्पा, मला एकदा चालवू द्या ना."

अप्पांनी त्याच्याकडे बघितलं. "कावून?"

"उगाच. चालवावीशी वाटली."

अप्पा खाली उतरले आणि मागं येऊन बसले. आम्ही चौघं मागच्या सीटवर कोंबलेले, आणि वाटीखाली विजय एकटाच. घराचा विषय त्या दिवाळीत निघाला नाही. पुढच्या दिवाळीत निघाला तेव्हा विजयनं फक्त दुकानाचं छप्पर बदलायचं आहे का, असं विचारलं. दिगंबरनानांनी हॉटेलच्या दारात सिमेंटचा हत्ती बसवला. लोक त्याच्यासोबतही फोटो काढतात.

माझी बदली झाली. मी अंबाजोगाईकडे गेले. काकूंचे फोन येत; त्यांतली अर्धी वाक्यं मला उद्देशून असत आणि अर्धी अप्पांना. मग एकदा फोन आला त्यात सगळी वाक्यं मलाच उद्देशून होती, आणि काकू काही सांगायच्या आधीच मला कळलं. झोपेत गेले होते. भांडण अर्धवट ठेवून, काकू म्हणाल्या. भाजीत मीठ जास्त झालं होतं का नव्हतं, हे ठरायचं राहूनच गेलं.

त्यांच्या घरी आता अप्पांचा हार घातलेला फोटो आहे. मिशी आहे, विभूती आहे, चेहरा एकदम गंभीर. तो माणूस मी कधी बघितला नव्हता.

मला ते शेवटचे दिसले ते त्याआधी काही महिने. मी एसटीनं संभाजीनगरला चालले होते. हायवेवर वाहनांची लांब रांग लागली होती, आणि कंडक्टर दारात लोंबकळत शिव्या देत होता, "कोण म्हातारे हायत बे हे, भर रस्त्यात गाडी खोलून बसलेत!" बस हळूहळू सरकत तिथं आली. पांढरी गाडी, उघडं बोनेट, आणि बोनेटातून बाहेर आलेली दोन बुडं. एक धोतराचं, एक पायजम्याचं. धडं दोन्ही आत. आतून दोघांचा एकाच वेळी बोलण्याचा आवाज येत होता. पुढच्या सीटवर काकू पाय पसरून शेंगा सोलत होत्या.

मी खिडकीतून जोरात हाक मारली, "अप्पा!"

ड्रायव्हरनं त्याच क्षणी हॉर्न दिला. माझी हाक त्यात बुडाली. अप्पांनी डोकं बाहेर काढलं नाही, फक्त पाना धरलेला काळा हात मागं उंच केला आणि झटकला, जा बे, जा पुढं, रस्ता केवढा मोठा पडलाय.

बस पुढं गेली.